वाचकांचे प्रश्न: बंद कंपनीच्या जागेवर काय उभं करावं?

मागच्या अंकात जुन्या एमआयडीसीतल्या बंद शेडांवर मी चार ओळी लिहिल्या होत्या, की मालक शेड पाडून प्लॉट विकायलेत पण खालच्या मातीचं कुणी विचारत नाही. त्यावर पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले, एकानं तर बरणीत माती भरून पाठवली (कृपा करून असं करू नका, कुरिअरवाल्याचा तरी विचार करा). त्यातले काही प्रश्न घेतोय. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली कारण त्याच्यात बाकीच्यांचे निम्मे प्रश्न येऊन गेलेत.

प्रश्न : दादा, वडलांचं चिकलठाणा एमआयडीसीत क्रोम-निकेल प्लेटिंगचं (धातूवर चमकदार मुलामा द्यायचं) छोटं युनिट होतं, टू-व्हीलरचे पार्ट यायचे. वडील गेले, युनिट कधीचंच बंद आहे. आता आम्ही दोघं भाऊ तिथं पोरांसाठी अभ्यासिका, वरती हॉस्टेल आणि मागं भाजीपाल्याची बाग करायचं म्हणायलोत. आर्किटेक्टनं ग्रीन बिल्डिंगचं डिझाइन दिलंय, सोलर आहे, गच्चीचं आणि अंगणातलं सगळं पाणी शोषखड्ड्यातून बोअरला सोडायचं आहे. बोअरचं पाणी थोडं पिवळसर येतं, पण ते गंजामुळं असेल असं प्लंबर म्हणला. पुढं जावं का?
— दोघं भाऊ, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : भाऊ, बाकी सगळं नंतर, तो शोषखड्डा आधी थांबवा. आपल्या मराठवाड्यात रिचार्ज म्हणलं की कुणी नाही म्हणत नाही, टँकरच्या लाइनीत उन्हाळे काढलेली माणसं आपण, पावसाचा थेंब जमिनीत गेला की पुण्य वाटतं. पण ज्या जमिनीत वर्षानुवर्षं क्रोमचं पाणी मुरलंय तिथं वरून मुद्दाम पाणी सोडणं म्हणजे खालच्या घाणीला बोअरपर्यंत वाट करून देणं. ती घाण तुमच्या कंपाउंडात थांबत नाही, शेजारच्या प्लॉटच्या बोअरला जाते आणि तिथून पुढच्या वस्तीला.

कारण आपल्याकडची जमीन. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण. काळी माती चिकण, ओली असली की पाणी सोडत नाही, म्हणून लोकांना वाटतं की खाली काही जात नसेल. पण एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला वळीव थेट भेगेतून मुरमात उतरतो. पुढं पाषाणात पाणी सांध्यासांध्यातून पळतं, कुठं निघेल ते वरून सांगता येत नाही. त्याच्यावर आणखी एक गंमत म्हणजे आपली काळी माती अल्कधर्मी असते, पीएच साधारण आठच्या आसपास. असल्या मातीत शिसं, झिंक, कॅडमियम चिकटून बसतात, सहजी हलत नाहीत, ते आपलं नशीब. पण क्रोम प्लेटिंगचं जे क्रोमियम असतं, षटसंयुजी, केमिस्ट लोक क्रोमियम सहा म्हणतात, त्याचं बरोबर उलटं आहे. अल्कधर्मी मातीत ते धरून राहत नाही, पाण्याबरोबर चालायला लागतं. आणि तेच त्यातलं सगळ्यात विषारी, कॅन्सर करणारं. म्हणजे जी माती बाकी धातूंना अडवते ती याला वाट देते.

पिवळं पाणी गंजामुळंही असू शकतं, प्लंबर अगदीच चूक नाही. फरक बघायचा तर गंजाचं पाणी भांड्यात रात्रभर ठेवलं की तळाला तांबूस गाळ बसतो, क्रोमचा पिवळेपणा बसत नाही, पाणी नितळ पिवळंच राहतं. पण ही निस्ती शंका घ्यायची पद्धत झाली, खात्री लॅबमध्येच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियम लिटरला 0.05 मिलिग्रॅमच्या वर नको आणि निकेल 0.02 च्या वर नको, एवढ्याशा प्रमाणात पाण्याला रंग येतच नाही, म्हणजे डोळ्याला पिवळं दिसायला लागलं तर गोष्ट फार पुढं गेलेली असते. उकळून क्रोमियम जात नाही. रिपोर्ट येईस्तोवर त्या बोअरचं पाणी कुणी पिऊ नये, वॉचमननं पण नाही.

आता तपासणी. लोक काय करतात, चार कोपऱ्यातली माती एका पिशवीत कालवून लॅबला देतात, जसं शेतातल्या माती परीक्षणाला देतो तसं. शेताला ते ठीक आहे, इथं नाही. एका टाकीच्या बुडाशी असलेलं विष तीन चांगल्या कोपऱ्यांच्या मातीत मिसळलं की सरासरी छान येते आणि तुम्ही निवांत होता. नमुने वेगवेगळे घ्यायचे आणि ते घ्यायच्या आधी वडलांच्या वेळचा एखादा जुना कामगार शोधून त्याला प्लॉटवर फिरवायचं. टाक्या कुठं होत्या, पाणी कुठल्या नालीनं जायचं, ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेचा) गाळ कुठं वाळत घालायचे, रात्री हौद कुठं रिकामा करायचे, हे त्याला माहीत असतं, कुठल्याच नकाशावर नसतं. त्या जागांवर वरची वीतभर माती, मग अर्धा मीटर, मग एक मीटर, मग मुरूम लागेपर्यंत असे वेगळे नमुने. एक-दोन नमुने जिथं कधीच काही झालं नाही अशा जागेचे पण घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार. लॅब एनएबीएलची, म्हणजे तपासण्यांसाठी मान्यता मिळालेली. मागायचं काय तर एकूण क्रोमियम आणि क्रोमियम सहा वेगवेगळं, निकेल, झिंक, कॅडमियम, शिसं, सायनाइड, पीएच. पार्टचं ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन वापरत असतील तर ते पण, कारण ते जमिनीतून वाफ होऊन बंद खोलीत चढतं आणि तुम्ही तर वर एसीची अभ्यासिका म्हणायलात. बोअरचं पाणी पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

वडलांच्या काळात प्रदूषण नियंत्रण मंडळाची जी संमती होती तिची फाइल काढा. घरी नसेल तर माहिती अधिकारात मागा. कुठली केमिकलं, किती घातक कचरा, सगळं त्याच्यात लिहिलेलं असतं, म्हणजे निदान कागदावर जेवढं दाखवलं तेवढं.

समजा रिपोर्ट वाईट आला. तरी जमीन वाया गेली असं नाही. जिथं जास्त साठलंय तेवढा भाग खोदून अधिकृत घातक कचरा केंद्राला, आपल्याला रांजणगाव जवळ, कागदपत्रं करून पाठवायचा. सगळा प्लॉट दोन मीटर खरवडून हायवा भरभरून न्यायची गरज बहुतेक नसते आणि ते काही पर्यावरणाचं काम पण नाही, डिझेल जाळायचं, तिकडचा खड्डा भरायचा आणि इकडं भरायला कुठल्यातरी टेकडीचा मुरूम आणायचा. उरलेल्या भागात क्रोमियम सहाचं क्रोमियम तीन करता येतं, ते फार कमी विषारी आणि मातीला धरून बसणारं. त्यासाठी जमिनीत फेरस सल्फेट सोडतात, किंवा चक्क साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस), कारण मळी खाऊन जिवाणू वाढतात, ते ऑक्सिजन संपवतात आणि मग क्रोमियम बदलतं. अमेरिकेत हे कितीतरी ठिकाणी केलंय. आपल्याकडं मळीला तोटा नाही, पण हे स्वतः बादलीनं ओतायचं काम नाही, भूजलाचा माणूस सोबत पाहिजे, नंतर बरेच महिने पाणी तपासत राहावं लागतं.

आणि वापर जागेप्रमाणे फिरवा. कॅनडात मातीच्या मर्यादा वापराप्रमाणे वेगळ्या ठेवल्यात, क्रोमियम सहा शेती आणि घरांच्या जमिनीत किलोला 0.4 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुकानं आणि कारखान्याच्या जमिनीत 1.4 पर्यंत. त्याच्यात अर्थ आहे, पार्किंगवर कुणी माती खात नाही. तर जुन्या टाक्यांच्या जागेवर पक्कं काँक्रीट आणि पार्किंग, इमारत चांगल्या बाजूला, मागची भाजी जमिनीत नाही, वाफ्यांत, तळाला अस्तर टाकून बाहेरून आणलेल्या मातीत. गच्चीचं पाणी टाकीत साठवून फ्लशला वापरा. तुमच्या आर्किटेक्टला वाईट वाटेल, ग्रीन रेटिंगमधले रिचार्जचे पॉइंट जातील, जाऊ द्या. माझं तर मत आहे की मातीचा रिपोर्ट हातात नसताना काढलेलं कुठलंही ग्रीन डिझाइन म्हणजे कागदाला हिरवा रंग.

दोन गोष्टी राहिल्या. जुन्या टाक्यांचं आणि फरशीचं काँक्रीट फोडून भरावात टाकू नका. त्याच्यात क्रोम मुरलेलं असतं, पावसाळ्यानंतर भिंतीवर पिवळं-हिरवं मीठ फुटलेलं दिसतं ते तेच. आणि प्लॉट एमआयडीसीचा म्हणजे 95 वर्षांच्या लीजवर, हॉस्टेलला वापर बदलायची परवानगी आधी घ्या, नाहीतर एवढं सगळं करून तिथंच अडकाल. वकिलानं तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट दिलाय म्हणून निवांत राहू नका, तो मालकी सांगतो, माती सांगत नाही.

प्रश्न : आमच्या गावाशेजारचा एक कारखाना मालकानं बंद करून सोडून दिला, बॅंकेनं सील केलाय. मागच्या बाजूला निळ्या-हिरव्या गाळाचे ढीग तसेच आहेत, पावसात ओढ्याला येतात. ग्रामपंचायतीनं तिथं उद्यान करायचं ठरवलंय. साफ करायचा खर्च कुणाचा?
— ग्रामपंचायत सदस्य, पैठण तालुका

उत्तर : ज्यानं केलं त्याचा. हे सुप्रीम कोर्टानं 1996 मध्येच सांगून ठेवलंय, राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या केसमध्ये. तिथं एच अ‍ॅसिड (रंग बनवायला लागणारं रसायन) बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळानं विहिरींचं पाणी लाल-काळं झालं होतं, कोर्ट म्हणलं की नुकसानभरपाईच नाही, जमीन पाणी पूर्ववत करायचा खर्च पण कारखान्याचा. निकाल चांगला, पण वसुलीला पुढं किती वर्षं गेली ते बघितलं तर तुमचा सरपंच उद्यानाचा नाद सोडेल.

आता 2025 च्या जुलैमध्ये केंद्रानं खास दूषित जागांसाठी नियम काढलेत. त्याआधी घातक कचरा कसा ठेवायचा, कसा न्यायचा याचे नियम होते, पण आधीच नासलेल्या जमिनीचं काय याला पद्धतच नव्हती. नव्या नियमात स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी द्यायची, मग राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, 189 घातक रसायनांपैकी काही ठरलेल्या पातळीच्या वर निघालं तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्व्हे, जागा जाहीर करायची, लोकांना आत जायला बंदी आणि मग जबाबदार कोण ते शोधायचं. तो सापडला नाही किंवा भरू शकत नसेल तर केंद्र-राज्यानं खर्च उचलायचा. खाणीची घाण, किरणोत्सारी कचरा आणि नगरपालिकेचे कचऱ्याचे डेपो याच्यात धरत नाहीत. पण तुमचा गाळ बसतो.

म्हणून तुम्ही काय करायचं तर ग्रामसभेचा ठराव उद्यानाचा नको, ही जागा संशयित दूषित जागा म्हणून यादीत घ्या असा करा. फोटो, ओढ्याच्या पाण्याचा रिपोर्ट जोडा, जिल्हाधिकारी आणि मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पोच घेऊन द्या. उद्यान नंतर. एकदा पेव्हर ब्लॉक आणि घसरगुंडी बसली की मग कुणीच खोदायला तयार होत नाही, अमेरिकेत नायगारा फॉल्सला हेच झालं होतं, रसायनं पुरलेली जागा कंपनीनं 1953 मध्ये एका डॉलरला शाळा मंडळाला दिली, शाळा झाली, घरं झाली आणि 1978 मध्ये लोकांना घरं सोडून पळावं लागलं.

आणि ढीग उचलून नेला म्हणजे झालं असंही धरू नका. भोपाळच्या वायुकांडातल्या कारखान्याचा 337 टन कचरा 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला नेऊन जाळला, चाळीस वर्षांनी, पण कारखान्याभोवतीची माती आणि भूजल तिथंच आहे.

प्रश्न : सर, सूर्यफूल नाहीतर वाळा लावला की माती साफ होते असं रीलमध्ये बघितलं. एमआयडीसीलगतच्या माझ्या दोन एकराला लावू का?
— शेतकरी, वाळूज

उत्तर : लावा, नुकसान नाही, वाळ्याची मुळं खोल जातात आणि माती वाहून जात नाही. पण रीलवाला हे सांगत नाही की याला वर्षानुवर्षं लागतात, मुळं पोचतात तेवढ्याच खोलीचं काम होतं आणि झाडानं ओढलेला धातू झाडात जातो, उडून जात नाही. ते पीक कापून कुठं टाकणार? ढोरांना घातलं तर दुधात, चुलीत घातलं तर राखेत. सूर्यफुलाचं बी घाण्याला नेऊ नका. मोहरीचं पण तसंच.

प्रश्न : आमच्या भागातली एक डिस्टिलरी बंद पडली. तिचे स्पेंट वॉशचे (अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्याचे) कच्चे लगून म्हणजे तळी जिथं होती ती जमीन आम्ही काही जणांनी मिळून घेतली, सोलर पार्क करायचा विचार आहे. शेजारच्या विहिरीचं पाणी चहासारखं आहे. जमीन कायमची गेली का?
— एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : कायमची नाही गेली. प्लेटिंगच्या गाळात आणि स्पेंट वॉशमध्ये मोठा फरक आहे. स्पेंट वॉश दिसायला भयंकर, वासाला त्याहून, त्याचा बीओडी (घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) लिटरला 40 हजार मिलिग्रॅमच्या पुढं असतो म्हणून नदीत गेला की मासे मरतात, पण तो मुळात मळीतून आलेला सेंद्रिय माल आहे, जिवाणू त्याला हळूहळू खातात. रंग मात्र हट्टी असतो, तो वर्षानुवर्षं विहिरीत दिसत राहतो. खरी मागं राहणारी गोष्ट म्हणजे क्षार, पोटॅश, क्लोराइड, सल्फेट. म्हणून मातीची ईसी (क्षार किती ते सांगणारी विद्युत वाहकता) आणि विहिरीचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) काढा, सोबत नायट्रेट पण बघा, पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको.

सोलर पार्क हा मला इथं सगळ्यात शहाणपणाचा वापर वाटतो, तिथं कुणी राहत नाही, पीक खायचं नाही, आणि चांगली काळी शेती पॅनलखाली घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आपल्याकडं सोलरवाले एजंट गावोगाव फिरून बागायती जमीन लीजवर मागायलेत आणि असल्या जागांकडं बघतही नाहीत, कारण इथं भरणी करावी लागते. तेवढं काम मात्र नीट करा. लगूनचे बांध पावसाळ्याच्या तोंडावर फोडू नका, आत उरलेला गाळ आधी सुकवा आणि मंडळाला विचारून कंपोस्टला द्या. लगूनच्या तळाला खोल पाया घेऊ नका, काळ्या मातीत तसाही खांब वर उचलला जातो, वरच वजनाचे काँक्रीट ठोकळे ठेवून स्ट्रक्चर उभं करता येतं. गुत्तेदार नको म्हणेल, त्याला सवय नसते. आणि एक गोष्ट सगळे विसरतात, पॅनल धुवायला पाणी लागतं, ते त्या विहिरीचं वापरलं तर काचेवर पांढरे डाग बसून वीज कमी होईल. गच्ची किंवा शेडवरून पावसाचं साठवा नाहीतर कोरड्या ब्रशनं पुसायची सोय करा.

प्रश्न : जालन्यात प्लॉटिंगच्या रस्त्याला गुत्तेदारानं फर्नेसचं काळं मटेरियल मुरूम म्हणून टाकलंय. शेजारी घाबरवायलेत. उकरून काढावं का?
— गृहिणी, जालना

उत्तर : ताई, आधी ते नेमकं काय आहे ते बघा. दगडासारखं जड, काचेसारखं चमकणारं ढेकूळ असेल तर ते स्लॅग, भट्टीत वर येणारी घाण थंड होऊन बनलेली, ती बऱ्यापैकी स्थिर असते आणि रस्त्याच्या कामात वापरतात. पण पिठासारखी बारीक काळी-तांबडी पावडर असेल, हाताला लागली की निघत नाही, तर ती भट्टीच्या धुराच्या फिल्टरमधली धूळ असू शकते. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळतं, भंगारात गॅल्वनाइज पत्रा असतो, रंग असतो, त्यातलं झिंक आणि शिसं वाफ होऊन त्या धुळीत जमतं. ती रस्त्यावर नको, लेकरं तिथंच खेळतात. शिसं आणि झिंकची तपासणी करून घ्या, सोसायटीत वाटून घेतली तर खर्च अंगावर येत नाही. तोवर पाणी मारून धूळ बसवा, झाडू नका.

प्रश्न : सेलूत आमच्या आजोबांची जिनिंग-प्रेसिंग आहे, दगडी बांधकाम, बंद पडलेली. बिल्डर म्हणतो पाडून फ्लॅट करू. जमीन दूषित असेल का?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : जिनिंगमध्ये प्लेटिंगसारखं विष नसतं. बघायच्या जागा थोड्याच, बॉयलरची राख टाकायचे तो कोपरा, ऑइल इंजिनचा खड्डा, डिझेलची टाकी पुरलेली असेल तर ती, आणि एखाद्या खोलीत कधी शेतीची औषधं साठवली होती का. एवढं तपासलं की झालं. पण पाडू नका हो! दोन फुटी दगडी भिंती आहेत, उन्हाळ्यात आत गारवा असतो, वरती सागवान असेल. जर्मनीत डुइसबर्गला 1985 मध्ये बंद पडलेला अख्खा लोखंडाचा कारखाना पाडला नाही, 1994 पासून त्याचं पार्क केलं, विषारी माती जुन्या बंकरांत सील केली, जुन्या गॅसच्या टाकीत लोक पाण्याखाली डायव्हिंग शिकतात. सेलूत डायव्हिंग कुणी करणार नाही, पण मोंढ्यातल्या मालाचं गोदाम, मंगल कार्यालय, बचत गटाचं युनिट, कशालाही ती इमारत चालेल. बिल्डरला सांगा भिंती ठेवून डिझाइन आण, मग बोलू.

प्रश्न : बंद कंपनीचे निळे प्लास्टिकचे ड्रम आणि सिमेंटचे पत्रे भंगारवाला स्वस्तात देतोय. ड्रम टँकरच्या पाण्याला आणि पत्रे गोठ्याला घ्यावेत का?
— एक वाचक, गंगापूर तालुका

उत्तर : ड्रम नाही. प्लास्टिकमध्ये केमिकल मुरतं, सोड्यानं धुऊन, उन्हात ठेवून काही होत नाही, वास गेला तरी माल राहतो. खाण्याच्या तेलाचे, सिरपचे ड्रम वेगळे मिळतात, लेबल शाबूत असलेलेच घ्या. पत्र्यांचं असं आहे की जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. अखंड असेपर्यंत फार धोका नाही, फोडताना, कापताना, ड्रिल मारताना बारीक धागे उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. जे आधीच छपरावर आहेत ते राहू द्या, पण तुटलेले उचलून आणू नका, आणि उतरवायचेच असतील तर पाणी मारून, अख्खे, मास्क लावून.